चेटकिणीला जामीनदार पाहिजे

पुस्तकं भेट देणाऱ्या माणसांचे ढोबळमानानं तीन प्रकार पडतात. स्वतः लिहिलेलं पुस्तक भेट देणारे, स्वतः न वाचलेलं पुस्तक भेट देणारे आणि एखादं पुस्तक वाचून आपण सुधारलो, आता समोरच्यानंही सुधारावं म्हणून भेट देणारे. पहिल्या दोघांपासून बचाव करता येतो. पहिल्याला 'चाळलं, छान आहे' एवढं म्हटलं की भागतं. दुसऱ्याला तेवढंही म्हणावं लागत नाही. तिसरा प्रकार मात्र वसुली अधिकाऱ्यासारखा असतो. दर आठ दिवसांनी त्याचा फोन येतो आणि 'कुठपर्यंत आलं?' अशी विचारणा होते.

माझी पुण्याची भाची या तिसऱ्या प्रकारात मोडते. तिनं पाठवलेल्या कादंबरीच्या वेष्टनावर जांभळा चंद्र होता, त्याच्याखाली काळी मांजर होती आणि मांजरीच्या मागे पाठमोऱ्या तीन बायका होत्या. 'मामा, यात बायकांची मैत्री आहे, सक्षमीकरण आहे आणि चेटकिणी आहेत. वाच. तुझे डोळे उघडतील,' असं तिनं बजावलं. डोळे उघडे ठेवण्यासाठीच बँक मला पगार देते, हे तिला कोण सांगणार?

कादंबरीचं नाव मी सांगत नाही. लेखिकेचं घर त्या कादंबरीवर चालत असेल, आणि कोणाच्या चालत्या खात्यात अडथळा आणू नये ही आमच्या धंद्याची रीत आहे.

माझी योग्यता आधीच सांगून टाकतो. मी कॉमर्सचा पदवीधर आहे आणि बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'असोसिएट' म्हणतात. पण खुर्चीचा हात तुटलेला आहे तो तसाच आहे. कॉमर्सच्या माणसाला साहित्यातलं कळत नाही असा एक समज आहे. तो बऱ्याच अंशी खरा आहे. मला कादंबरीत फक्त एवढंच कळतं की जमा आणि नावे या दोन बाजू शेवटी जुळतात की नाही. नायकाला शंभर रुपयांचं सुख मिळालं, तर ते कोणाच्या तरी खात्यातून गेलेलं असलं पाहिजे. जे लेखक नुसतं जमाच दाखवतात, त्यांच्याविषयी मला आदर वाटतो, पण भरवसा वाटत नाही.

तर ही तीनशे वीस पानांची कादंबरी मी चंद्रपूरच्या मे महिन्यात वाचली. ज्या गावात २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे त्या गावात, कूलरसमोर, ओला पंचा डोक्यावर घेऊन. गोष्ट परदेशातल्या एका टुमदार गावात घडते. एकीचा घटस्फोट झालेला, ती पाव भाजते. दुसरी ग्रंथपाल. तिसरी तरुण आहे आणि तिच्या मनात खळबळ आहे. तिघींना एका पावसाळी रात्री कळतं की आपण चेटकिणी आहोत. झालं. मग दर पौर्णिमेला त्या माळ्यावर जमतात, मेणबत्त्या लावतात, काढा पितात आणि एकमेकींना सांगतात की मी तुझ्यासाठी आहे. हे वाक्य मी मोजलं. एकोणीस वेळा आलं. मध्ये एका दुष्ट बिल्डरच्या अंगावर फोड येतात, पळून गेलेल्या नवऱ्याचं टक्कल वाढतं आणि शेवटच्या प्रकरणात तिघी हात धरून उभ्या राहतात तेव्हा सगळं संकट धुरासारखं विरून जातं. पाव मात्र शेवटपर्यंत चांगला भाजला जातो. पावाबद्दल माझी तक्रार नाही.

माझ्यानंतर ती कादंबरी आमच्या सौ.नं उचलली. चाळिसाव्या पानावर तिनं चष्मा काढला.

"अहो, ह्या तिघी रात्रभर चंद्राखाली बसतात?"

"बसतात."

"मग सकाळी ह्यांच्या घरची भांडी कोण घासतं?"

"त्याचा उल्लेख नाही."

"तिला का घेत नाहीत मंडळात?" असं म्हणून तिनं पुस्तक मिटलं आणि फ्रिजवर ठेवलं. आजवर अनेक विद्वानांची परीक्षणं मी वाचली आहेत, पण इतकं थोडक्यात आणि इतकं मर्मावर बोट ठेवणारं परीक्षण वाचल्याचं आठवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कादंबरी ही कादंबरी असते. मेणबत्तीचा खर्च कुठून आला, हे बँकेच्या माणसानं विचारू नये. कबूल. पण आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीची माणसं. आमच्यासमोर कोणी 'तिघी मैत्रिणी रात्री रानात गेल्या' असं म्हटलं, की पुढचं वाक्य आम्हाला चेटकिणीचं ऐकू येत नाही, वाघाचं ऐकू येतं. आमच्याकडच्या बायका रानात जातात त्या मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला. एकटी जात नाही. चौघी-पाचजणी मिळून जातात आणि मोठमोठ्यानं बोलत जातात, म्हणजे जनावराला कळावं की माणसं आहेत. तरीही २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. बायकांनी मिळून रानात जाण्याला आमच्याकडे हा असा अर्थ आहे. त्यात 'मी तुझ्यासाठी आहे' असं कोणी बोलून दाखवत नाही. पाठीला पाठ लावून पानं तोडतात, त्यात ते येतं.

बरं, चेटकिणीशी माझं मुळात वैर नाही. माझ्या पिढीच्या मराठी माणसाला चेटकीण म्हटलं की रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण आठवते. दिलीप प्रभावळकरांनी तिला अशी काही अजरामर केली, की मराठीतली सर्वांत लोकप्रिय चेटकीण हा एक पुरुष होता हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे २०१८ साली ते नाटक नव्यानं आलं तेव्हा चिंची झाले वैभव मांगले. म्हणजे पुरुष चेटकीण झाला की त्याला टाळ्या मिळतात. बाईला काय मिळतं, ते पुढे सांगतो.

तिकडच्या लोकांनीही चेटकिणीला बऱ्याच उशिरा माणसात घेतलं. १९०० साली अमेरिकेत 'ओझचा जादूगार' हे मुलांचं पुस्तक आलं, त्यात एल. फ्रँक बॉमनं वाईट चेटकिणींच्या बरोबरीनं चांगल्या चेटकिणी घातल्या. त्याच्या सासूबाई मॅटिल्डा जॉसलिन गेज या स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या बाई होत्या, आणि चेटकीण म्हणून मारल्या गेलेल्या बायकांवर त्यांनी १८९३ सालच्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं. सासूचं लिखाण जावयानं मनावर घेतल्याचं हे जगातलं दुर्मीळ उदाहरण असावं.

आणि ते सेलम गाव. १६९२ साली तिथे चेटकिणींचे खटले चालले. एकोणीस जणांना फाशी दिलं आणि एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. आज त्याच सेलमच्या पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण आहे. लोक तिकिटं काढून बघायला येतात आणि टोप्या विकत घेऊन जातात. याचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावला, की तिकडे चेटकीण सेवानिवृत्त झालेली आहे. निवृत्त माणसाचं कौतुक करायला काही लागत नाही. हार घातला, नारळ दिला की झालं. तिच्यावर खुशाल कादंबरी लिहा, तिच्या नावानं मेणबत्त्या विका.

आमच्याकडे ती अजून नोकरीत आहे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावी, भानामती केल्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना भर गावात बांधून मारलं. त्यात साठी-सत्तरीच्या म्हाताऱ्या माणसांचाही समावेश होता. २०२४ सालच्या १ मे रोजी, म्हणजे आपण महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन करतो त्या दिवशी, गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून जाळून मारलं. पोलिसांनी पंधरा जणांना पकडलं. त्यांत त्या बाईचा नवरा आणि मुलगाही होते.

हे वाक्य लिहून मी थोडा वेळ थांबलो. विनोदी लेखाला पानं कमी पडली तरी चालतील, पण या वाक्यावर कोटी सुचू नये.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी अठरा वर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एखाद्यावर करणी-भानामतीचा ठपका ठेवून त्याचं जगणं मुश्कील करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. कायदा चांगला आहे. अडचण एवढीच की कायदा तालुक्याला राहतो आणि चेटकीण ठरवण्याचं काम गावात, रात्री, चार माणसांत उरकतं.

ही नेमणूक कशी होते ते मी नोकरीच्या निमित्तानं जवळून ऐकलं आहे. त्यासाठी जाहिरात निघत नाही, परीक्षा नसते. पण पात्रतेच्या अटी ठरलेल्या आहेत. उमेदवार बहुतेक बाई असावी. विधवा असल्यास प्राधान्य. पोटी मुलगा नसावा. जीभ जरा तिखट असावी. नावावर थोडी जमीन असल्यास उत्तम. मग गावात एखादं पोर तापानं फणफणतं, कोणाचा बैल बसतो, आणि पुजाऱ्याला विचारायला मंडळी जातात. पुजारी नाव घेत नाही, दिशा सांगतो. त्या दिशेला नेमकं एकच घर असतं.

आता सांगा, हे डोळ्यांसमोर असताना जांभळ्या चंद्राखालची ती तीन पात्रं मला कशी रुचावीत? भाचीचा फोन आला तेव्हा मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, तुला मुद्दाच कळला नाही. चेटकीण म्हणजे जिच्या ताकदीला समाज घाबरतो ती बाई. म्हणून आता बायकांनीच अभिमानानं म्हणायचं, हो, आहोत आम्ही चेटकिणी."

मी म्हटलं, "पुण्यात म्हण. एटापल्लीच्या बाजारात म्हणू नकोस."

"तेच तर ना! इतकी भीती का वाटावी?"

"अगं, तिच्या ताकदीला घाबरून बांधत नाहीत. ताकद नाही हे पक्कं ठाऊक असतं म्हणून बांधतात. खरंच जिच्या शापानं अंगावर फोड येतील, तिला दोरी लावायला कोण पुढे होईल?"

भाची क्षणभर गप्प राहिली. पुण्यात राहूनही ती क्षणभर गप्प राहू शकते, म्हणून ती माझी लाडकी आहे.

सक्षमीकरण या शब्दाशी माझी ओळख जुनी आहे. आमच्या बँकेत तो परिपत्रकातून येतो आणि फाइलमध्ये जातो. पण गेल्या वीस वर्षांत काउंटरच्या पलीकडून तो शब्द मला बऱ्याच वेळा चालत आलेला दिसला आहे. बहुधा आठ-दहाजणी मिळून, पायात धुळीच्या चपला, हातात निळ्या वेष्टनाची वही. बचत गट. १९९२ साली नाबार्डनं प्रयोग म्हणून देशभरातले पाचशे गट बँकांशी जोडायला घेतले, तेव्हा आमच्या ज्येष्ठ मंडळींनी 'बायका कसलं कर्ज फेडतात' म्हणून हसून घेतलं होतं असं सांगतात. आता ती मंडळी निवृत्त आहेत आणि त्यांच्या सुनांचे गट आहेत. गटाची पंचसूत्री मला तोंडपाठ आहे : नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट हिशेब. त्यात कुठेही 'मी तुझ्यासाठी आहे' असं लिहिलेलं नाही. पण गट ही अशी चीज आहे की तिथे तारण म्हणून घर नाही, दागिना नाही, सात-बारा नाही. एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्या तिच्या ओट्यावर जाऊन बसतात. प्रत्येकजण प्रत्येकीची जामीनदार.

काही वर्षांपूर्वी माझी बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होती. पावसाळा संपता संपता असाच एक गट शाखेत आला. अकरा बायका. आमचा शिपाई माझ्या कानाशी लागला. "सायेब, ते कोपऱ्यातली म्हातारी हाये ना, तिच्यापासून जरा दूर बसा. तिले येते म्हन्तेत."

"काय येतं? टॅली?"

"नाई ना सायेब. तेच. करनी."

हळूहळू गोष्ट समजली. म्हातारी विधवा, दोन एकर धानाची बांधी तिच्या नावावर, आणि शेजारी दिराचं घर. दिराचा नातू तापानं आजारी पडला होता. मधला नाला भरलेला, आरोग्य केंद्र पलीकडे. पोर वाचलं, पण तोवर पुजाऱ्यानं दिशा सांगून टाकलेली होती. ताप मलेरियाचा निघाला. गडचिरोलीत मलेरियाची ओळख कोणाला करून द्यायला नको. पण मलेरियाच्या डासाच्या नावावर दोन एकर धान नसतं. म्हातारीकडे लोक पाठ फिरवायला लागले. विहिरीवर ती आली की बाकीच्या बादल्या उचलून बाजूला व्हायच्या. आणि गावातल्या चार कर्त्या पुरुषांनी गटाच्या अध्यक्षबाईला निरोप पाठवला होता, की हिला गटातून काढा, नाहीतर तुमचं तुम्ही बघा.

त्या गटाचा ठराव माझ्या टेबलावर आला. खात्यावरच्या सह्या बदलायच्या होत्या. मला वाटलं, म्हातारीचं नाव काढायला आल्या. बँकेत अशी कामं रोज येतात. माणूस नावं वाचतो, शिक्का मारतो. वाचलं तर उलटंच. गटानं एकमतानं म्हातारीला कोषाध्यक्ष केलं होतं. यापुढे तिच्या सहीशिवाय पैसे निघणार नव्हते.

मी चष्मा पुसला. "अध्यक्षबाई, हे नीट विचार करून केलंय ना?"

अध्यक्षबाई तिशीतली, उन्हानं रापलेली, आवाज असा की माइकचा खर्च वाचावा. म्हणाली, "हाव सायेब. लोक म्हन्तेत तिले जादू येते. येत असन तं आमच्या पैशावर करू द्या ना. दुप्पट होतीन."

अकराच्या अकरा हसल्या. म्हातारीही हसली, पदर तोंडाशी धरून. मग अध्यक्षबाईनं आवाज खाली आणला. "सायेब, आता तिचं नाव बँकेच्या कागदावर चढलं. उद्या तिले कोनी काई केलं तं बँक विचारन, कोषाध्यक्ष कुठं गेली मनून. बरोबर ना?"

बँक अकरा गटांमागे एका कोषाध्यक्षाची चौकशी करायला येते की नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. मी म्हटलं, "नक्की विचारणार. मी स्वतः विचारणार."

नमुना सहीचं कार्ड पुढे केलं आणि सवयीनं शाईचा पॅडही सरकवला. म्हातारीनं पॅड बाजूला केला आणि पेन मागितलं. पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्या बायकांनी तिच्याकडून चुलीच्या राखेत बोटानं नाव गिरवून घेतलं होतं. पाच अक्षरं लिहायला तिला चार मिनिटं लागली. मागे रांगेतला एक गुत्तेदार घड्याळ बघायला लागला, तर अध्यक्षबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला रजिस्टरात काहीतरी वाचायचं आठवलं. सही झाली. पुढच्या प्रत्येक महिन्याला त्या सहीचा आकार बदलत गेला आणि प्रत्येक महिन्याला मी कार्डावरच्या फोटोशी चेहरा ताडून व्हाउचर पास करत गेलो.

आता या गोष्टीचा शेवट कादंबरीसारखा गोड नाही. दिरानं बोलणं सोडलं ते सोडलंच. विहिरीवरच्या सगळ्या बादल्या परत आल्या नाहीत. अध्यक्षबाईच्या नवऱ्याला पानठेल्यावर टोमणे ऐकावे लागले, आणि तिच्या स्वतःच्या मुलीला ताप आला तेव्हा ती दोन रात्री झोपली नाही. पोरीच्या काळजीनं तर झालीच, पण गाव काय बोलेल या धास्तीनंही. दोन बायका पुढच्या वर्षी गट सोडून गेल्या. हे सगळं नावे बाजूला लिहावं लागतं. पण माझी तिथून बदली होईपर्यंत दर महिन्याला म्हातारी शाखेत आली, आणि कधीही एकटी आली नाही.

त्या कादंबरीत मला नेमकं काय खटकलं, ते या हिशेबावरून माझं मलाच कळलं. तिथल्या मैत्रीला खर्चच नाही. तिघींपैकी कोणीही दुसरीसाठी काहीही गमावत नाही. झोपसुद्धा नाही, कारण दुसऱ्या दिवशी बहुधा रविवार असतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्याच सेलममध्ये रिबेका नर्स नावाच्या सत्तरीच्या म्हातारीवर आळ आला, तेव्हा एकोणचाळीस शेजाऱ्यापाजाऱ्यांनी 'ही बाई भली आहे' असं लिहून खाली सह्या केल्या. चेटकिणीची बाजू घेणाऱ्यावर दुसऱ्या दिवशी तोच आळ येऊ शकतो, हे त्या एकोणचाळीस जणांना ठाऊक होतं. म्हातारी वाचली नाही. १६९२ च्या जुलैत तिला फाशी दिलं. पण सव्वातीनशे वर्षांनंतर चंद्रपूरच्या एका कारकुनाला त्या सह्यांचं मोल कळतं. लेखिकेच्या देशाच्या शेजारी ही गोष्ट पडलेली होती. तिनं पाव उचलला.

बरं, आपल्याही देशात कादंबऱ्या पडलेल्याच आहेत. झारखंडच्या छुटनी महातो यांना १९९५ साली डायन ठरवून गावानं हाकललं. त्या पुढे अशाच हाकललेल्या बायकांना आसरा देत, त्यांच्यासाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. आसामच्या बिरुबाला राभा यांनी हेच काम तिकडे केलं. २०२१ साली दोघींना पद्मश्री मिळाली. यांच्यापैकी कोणी मेणबत्ती लावून बसल्याचं ऐकलं नाही.

आणि जादूच पाहिजे असेल तर तीही आहे. बायकांनी लावून धरलं म्हणून गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली. २०१० च्या डिसेंबरात चंद्रपूरच्या हजारो बायका चिमूरहून पायी चालत नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या, आणि २०१५ च्या १ एप्रिलपासून या जिल्ह्यातही बंदी आली. अख्ख्या जिल्ह्यातली बाटली अदृश्य करणं ही जादू नव्हे तर काय? ती बाटली मागच्या दारानं बऱ्याच ठिकाणी पुन्हा दिसू लागली, आणि चंद्रपुरात २०२१ साली सरकारनं पुढचं दारही उघडून दिलं, हा भाग वेगळा. जादूला बाहेर काढायला जितके पाय चालावे लागतात, त्याहून फार कमी सह्या तिला आत घालायला लागतात. पण थंडीत शंभर किलोमीटर चाललेल्या त्या बायकांचे पाय खरोखर सुजले होते. झाडूवर बसून कोणी गेलं नव्हतं.

भाचीनं शेवटी विचारलं, "मग पाचपैकी किती तारे देशील?" मी दीड दिला. एक पावासाठी, अर्धा मांजरीसाठी. तिला वाईट वाटलं असावं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून तिला पाठवतो आहे. कादंबरी टाकून दे असं माझं म्हणणं नाही. पुण्यातल्या उंच इमारतीत एकटी राहणाऱ्या मुलीला तीन काल्पनिक बायकांची सोबत वाटत असेल, तर तीनशे रुपयांत तीही स्वस्तच आहे. फक्त तिच्या मजल्यावर एखादी बाई असेल, जिच्याविषयी लिफ्टमध्ये कुजबूज होते, जी आली की बाकीच्या मोबाइलमध्ये बघायला लागतात. प्रत्येक मजल्यावर असते एखादी. तिच्या शेजारी जाऊन उभं राहायला चंद्र लागत नाही.

आमच्या कर्जाच्या अर्जात शेवटच्या पानावर एक रकाना असतो : जामीनदाराचे नाव, पत्ता व सही. अर्जदार बाकीचा अर्ज झरझर भरतो आणि या रकान्यापाशी पेन थांबतं. भाऊबंद आठवून होतात, मित्र आठवून होतात, लग्नात पाचशे माणसं जेवलेली असतात, पण रकाना रिकामा. मग कधीकधी दार ढकलून कोणीतरी आत येतं, घाम पुसतं, काय लिहिलंय ते पुरतं वाचतही नाही, आणि म्हणतं, "द्या इकडे, कुठं करू सही?"